पाश्चात्य वाद्यवृंद, ध्वनिमुद्रिका आणि आमचीं मुलें

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलांनीं स्वतः गावें, कीं यंत्रांतून निघणारें सुरेल गीत हात जोडून नुसतें ऐकावें, हा प्रश्न आज आमच्या भंडारा जिल्ह्यांतील पुष्कळ शाळांपुढें आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. ध्वनिवर्धक आहे, मोबाइल आहे, आणि जगांतील उत्तमोत्तम गायकवादकांचें संगीत घरबसल्या ऐकण्याची सोय आहे. मग दोनशें मुलांच्या बेसूर आरोळ्या कशाला हव्यात, असें कित्येक सुज्ञ पालक आम्हांस विचारतात. स्नेहसंमेलनांतहि हीच रीत पडत चालली आहे. पडद्यामागें मुद्रित गीत लावावयाचें आणि मुलांनीं पुढें येऊन केवळ ओठ हलवावयाचे! आमचें मत याच्या उलट आहे. तें कां, हें सांगण्याकरितां आम्ही थोडें दूरचें उदाहरण घेणार आहों. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत ज्या मोठ्या वाद्यवृंदरचना झाल्या व ज्यांस तिकडे सिंफनी म्हणतात, त्यांचें वादन व ध्वनिमुद्रण हें तें उदाहरण होय. लिहिलेलें संगीत, वाजविलेलें संगीत आणि मुद्रित झालेलें संगीत, या तिहींचें नातें तेथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम सिंफनी म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सिंफनी ही बहुतेक वेळां शब्दांवांचून केलेली दीर्घ रचना असते. तिचे बहुधा चार भाग असतात, आणि ती वाजविण्यास अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक वेळ लागतो. पन्नासांपासून शंभरांपर्यंत वादक एकत्र बसतात. व्हायोलिन व तिच्या मोठ्या बहिणी, बासरी, आमच्या सनईच्या जातीचा ओबो, क्लॅरिओनेट, हॉर्न, ट्रंपेट, ट्राँबोन आणि नगारे अशीं वाद्यें त्यांत असतात. भंडाऱ्याच्या वाचकांस पितळेची थोरवी सांगावयास नको. ज्या धातूच्या भांड्यांनीं आमच्या गांवाचें नांव झालें, त्याच धातूचा आवाज सिंफनीच्या अत्युच्च क्षणीं सर्वांच्या वर चढतो. लग्नाच्या वरातींतील बँड आमच्या मुलांनीं ऐकलेलाच आहे. भेद एवढाच कीं बँडांतील बहुतेक मंडळी एकच चाल मिळून वाजवितात, व सिंफनींत प्रत्येक वाद्याची ओळ निराळी लिहिलेली असते. कोणी वर चढतो, कोणी खालीं उतरतो, कोणी थांबून राहतो, आणि या सर्वांच्या मेळांतून एक अर्थ उत्पन्न होतो.

बेथोवेन (१७७०–१८२७) यानें या प्रकारास नवें तेज दिलें. त्याच्या मागून शूबर्ट, बर्लिओझ, मेंडेलसोन, शूमान, ब्राम्स, ब्रुकनर, चायकोव्स्की, ड्वोर्झाक व शेवटीं माह्लर अशी जी मोठी परंपरा झाली, तिला रोमँटिक काळाची परंपरा म्हणतात. निसर्ग, वीरवृत्ति, विरह, मृत्यूचें भय व ईश्वराची ओढ, हें सर्व नुसत्या नादांतून बोलून दाखवावें, अशी या रचनाकारांची उत्कट इच्छा होती. ब्राम्ससारखा कसलेला मनुष्यहि आपली पहिली सिंफनी लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें तिच्याशीं झगडत राहिला. ती १८७६ सालीं कार्ल्सरूअ येथें प्रथम वाजली. हें काम हलकें नव्हतें.

आतां आमच्या मुद्द्याकडे येऊं. या सर्व रचना स्वरलिपींत लिहिलेल्या आहेत. कोणत्या वाद्यानें कोणता स्वर किती मात्रा वाजवावा, कोठें जोरानें, कोठें हळू, हें सर्व कागदावर आहे. मग संचालकानें करावयाचें तें काय? कागद पुढें ठेवावा आणि काठी हालवावी, एवढेंच ना? नाहीं. कागदावर जें आहे तें पुष्कळ आहे. पण सर्व नाहीं.

बेथोवेनची पांचवी सिंफनी १८०८ च्या डिसेंबरांत व्हिएन्ना शहरीं प्रथम वाजली. तिच्या आरंभींचे चार स्वर जगप्रसिद्ध आहेत. तीन आंखूड व चौथा लांब. त्या चौथ्या स्वरावर ‘येथें थांबा’ अशी खूण आहे. परंतु किती थांबावें? तें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. एक संचालक क्षणभर थांबतो, दुसरा ऐकणाराचा श्वास कोंडेपर्यंत थांबतो. दोघेहि खुणेप्रमाणेंच वागतात, आणि तरी दोघांची सिंफनी निराळी होते. लयीचेंहि तेंच. मेल्ट्सेल नांवाच्या गृहस्थानें १८१५ च्या सुमारास लय मोजण्याचें मेट्रोनोम यंत्र प्रचारांत आणलें, आणि १८१७ सालीं बेथोवेननें आपल्या तोंवरच्या आठहि सिंफनींकरितां मिनिटास किती ठोके पाहिजेत याचे आंकडे छापून प्रसिद्ध केले. यापेक्षां स्पष्ट आज्ञा ती कोणती? तरीहि पुढील शंभराहून अधिक वर्षें बहुतेक संचालकांनीं हे आंकडे फार जलद म्हणून बाजूस ठेवले. त्याचें यंत्रच बिघडलेलें असावें, असाहि तर्क कित्येकांनीं लढविला! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या पद्धतीचीं वाद्यें घेऊन वाजविणाऱ्या कांहीं मंडळींनीं ते आंकडे पुनः मान्य केले, आणि लोकांस ओळखीच्या सिंफनी नव्यानेंच ऐकल्यासारख्या वाटल्या.

दोन विख्यात संचालकांचें उदाहरण घ्या. बेथोवेनची नववी सिंफनी १९५१ सालीं बायरॉइट येथें फुर्टव्हेंगलर यानें वाजविली, तिला सुमारें ७४ मिनिटें लागलीं. पुढच्याच सालीं न्यूयॉर्क येथें टोस्कानिनीनें तीच सिंफनी मुद्रित केली, तिला सुमारें ६५ मिनिटें लागलीं. स्वर तेच, ओळी त्याच; भेद नऊ मिनिटांचा! चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा शेवटचा शोकाकुल भाग तर याहून बोलका आहे. लेनिनग्राडच्या म्राव्हिन्स्कीनें १९६० सालीं तो सुमारें दहा मिनिटांत मुद्रित केला, आणि १९८६ सालीं न्यूयॉर्क येथें बर्नस्टाइनला त्यालाच सुमारें सतरा मिनिटें लागलीं. पहिल्यांत दुःख तीक्ष्ण शस्त्रासारखें लागतें; दुसऱ्यांत तें सरतां न सरणाऱ्या रात्रीसारखें वाटतें.

अशा वेळीं लोकांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जें लिहिलें आहे तेंच वाजवा, आपल्या पदरचें कांहीं घालूं नका. दुसरा म्हणतो, लिहिलेलें हें केवळ शरीर आहे, आंतील जीव संचालकानेंच ओतावयाचा आहे. टोस्कानिनीचें नांव पहिल्या पक्षाशीं व फुर्टव्हेंगलरचें दुसऱ्या पक्षाशीं जोडलें जातें. हा वाद त्यांच्याहि पूर्वींचा आहे. वाग्नरनें १८६९ सालीं संचालनावर एक निबंधच लिहिला व खरी लय शोधून काढणें हें संचालकाचें मुख्य कर्तव्य ठरविलें. आमच्या ख्रिस्ती वाचकांस हा वाद अपरिचित वाटूं नये. अक्षर व आत्मा यांतील भेद प्रेषित पौलानें करिंथच्या मंडळीस समजावून दिला होताच. आणि उपासनेंत एकच वचन दोन वाचकांनीं वाचलें तर एकाच्या वाचनानें मन हलतें व दुसऱ्याच्या वाचनानें डुलकी येते, हा अनुभव कोणास नाहीं?

आमच्या मतें दोन्ही पक्षांत अर्धें सत्य आहे. स्वरलिपीचा मान राखल्यावांचून अर्थ लावण्याचा अधिकारच प्राप्त होत नाहीं. आणि अर्थ लावल्यावांचून स्वरलिपि बोलत नाहीं. हिंदुस्थानी संगीतांत आम्हीं हें सत्य केव्हांच मान्य केलें आहे. एकच बंदिश किराणा घराण्याचा गवई गातो व ग्वाल्हेर घराण्याचाहि गातो. एक आलापींत रमतो, दुसरा बंदिशीचें अंग नीट मांडून पुढें जातो. यांतील एक खोटा व एक खरा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें बंदिश पाठ केली नाहीं, रागाचे नियम शिकला नाहीं, त्याच्या मनास येईल तें गाण्यास आम्ही ‘अर्थ’ असेंहि म्हणत नाहीं. स्वातंत्र्य हें शिस्तीच्या पोटीं जन्मास येतें.

कागदाकडे बारकाईनें पाहिल्यास काय लाभतें, याचें एक सुंदर उदाहरण त्याच चायकोव्स्कीच्या शेवटच्या भागांत आहे. त्या भागाच्या आरंभीं जी करुण चाल ऐकूं येते, ती कोणत्याहि एका वादकाच्या कागदावर लिहिलेलीच नाहीं! पहिल्या व्हायोलिनांकडे एक स्वर, दुसऱ्या व्हायोलिनांकडे पुढचा स्वर, पुनः पहिल्यांकडे तिसरा, अशी ती वांटून दिली आहे. कोणत्याहि एका पक्षाची ओळ निराळी वाजविली तर ती वेडीवांकडी व अर्थहीन वाटते. दोन्ही मिळाल्या म्हणजे चाल प्रगट होते. त्या काळीं पुष्कळ वाद्यवृंदांत पहिलीं व्हायोलिनें संचालकाच्या डाव्या हातास व दुसरीं उजव्या हातास बसवीत. त्यामुळें ती चाल जणूं रंगमंचाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हेलकावे खात असे. पुढें विसाव्या शतकांत दोन्ही व्हायोलिनें एकाच बाजूस बसविण्याची चाल पडली, आणि हा हेलकावा नाहींसा झाला. वादकांस कोठें बसवावें, हाहि अर्थ लावण्याचाच भाग आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां ध्वनिमुद्रणाकडे वळूं. आरंभीं विजेचें साह्य नव्हतें. एका मोठ्या कर्ण्यापुढें वादक दाटीवाटीनें बसत व त्यांच्या नादानें सुई हलून मेणावर रेघ उमटे. मोठ्या तंतुवाद्यांचा खर्ज कर्ण्यांत नीट उतरत नसे, म्हणून त्यांच्या जागीं पुष्कळदां ट्यूबा नांवाचें पितळी वाद्य वाजवीत. अशा अडचणींतहि आर्थर निकिश यानें १९१३ सालीं बर्लिनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाकडून बेथोवेनची संबंध पांचवी सिंफनी मुद्रित करविली. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें व आवाजांत जीव आला. तरी तबकडीच्या एका बाजूवर चार साडेचार मिनिटेंच मावत. चाळीस मिनिटांच्या सिंफनीचे नऊ दहा तुकडे करावे लागत; भर रंगांत तबकडी संपे, श्रोता उठे, ती उलटी करी, चावी देई, आणि तुटलेलें वाक्य पुढें चालू होई. आमच्या गवयांसहि हीच शिक्षा भोगावी लागली. अब्दुल करीमखांसाहेबांसारख्या गायकानें जो राग तासभर आळवावा, तो तीन साडेतीन मिनिटांत बसवावा लागे. १९४८ सालीं लांब वेळ चालणारी तबकडी निघाली, १९५८ सालीं डावा व उजवा आवाज निराळा ऐकविणारी तबकडी बाजारांत आली, आणि १९८२ सालीं काँपॅक्ट डिस्क निघून नववी सिंफनी अखंड ऐकण्याची सोय झाली. आज तर तबकडीहि लागत नाहीं.

या विद्येनें जगाचें केवढें कल्याण केलें, तें एका गृहस्थाच्या चरित्रावरून दिसेल. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक १९०२ सालीं कलकत्त्यास आला, आणि गौहरजान हिचें गायन त्यानें मुद्रित केलें. आपल्या देशांतील तबकड्यांचा तोच आरंभ. त्याच गैसबर्गनें पुढें १६ जानेवारी १९३८ रोजीं व्हिएन्ना येथें माह्लरच्या नवव्या सिंफनीचें मुद्रण घडवून आणलें. संचालक होता ब्रूनो वाल्टर, माह्लरचा शिष्य, ज्यानें १९१२ सालीं हीच सिंफनी गुरूच्या मृत्यूनंतर प्रथम लोकांस ऐकविली होती. वादकांच्या अग्रभागीं होता माह्लरचा मेहुणा आर्नोल्ड रोझे. दोनच महिन्यांनीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. वाल्टर व रोझे दोघेहि यहूदी. दोघांसहि देशत्याग करावा लागला, आणि त्या वाद्यवृंदांतील इतर यहूदी वादकांसहि हांकून देण्यांत आलें. ती मंडळी पुनः तशी एकत्र बसली नाहीं. परंतु त्या दिवशींचा त्यांचा नाद आज भंडाऱ्यांतील मुलासहि ऐकतां येतो. मुद्रणाची विद्या नसती तर तो त्या सभागृहांतच विरून गेला असता. याबद्दल आम्ही ईश्वराचे आभार मानतों.

तथापि त्याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. १९३८ च्या मुद्रणास सुमारें ७० मिनिटें लागलीं. वाल्टरनें वृद्धपणीं, १९६१ सालीं, अमेरिकेंत तीच सिंफनी पुनः मुद्रित केली, तेव्हां सुमारें ८० मिनिटें लागलीं. मनुष्य तोच, स्वरलिपि तीच, रचनाकाराचा प्रत्यक्ष सहवास लाभलेला शिष्यहि तोच. मग खरी सिंफनी कोणती? आमचें उत्तर असें कीं दोन्ही खऱ्या, आणि दोहोंपैकीं कोणतीहि पूर्ण नव्हे. पहिलींत एका संकटग्रस्त नगरींतील धडधड आहे; दुसरींत आयुष्य पाहिलेल्या मनुष्याचा निरोप आहे. ज्यानें यांतील एकच तबकडी शंभर वेळां ऐकली, त्यास ती एक वेळच काय ती सिंफनी वाटूं लागते, आणि दुसरी ऐकली म्हणजे ‘हें चुकलें’ असें तो बेधडक म्हणतो. त्यानें सिंफनी पाठ केली नाहीं. एका दिवसाचा प्रतिध्वनि मात्र पाठ केला.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. १९५० च्या सुमारास चुंबकीय फितीवर मुद्रण होऊं लागल्यापासून फीत कापून जोडतां येऊं लागली. एक भाग पांच वेळां वाजवावयाचा, त्यांतील निर्दोष तुकडे निवडावयाचे, आणि जोडून अखंड करावयाचे. हें करणें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु असें निर्दोष संगीत रात्रंदिवस कानीं पडलें म्हणजे मुलास आपल्या स्वतःच्या गळ्याची लाज वाटूं लागते. जें कोणींच एका दमांत वाजविलें नाहीं, त्याच्याशीं तो आपल्या एका दमाच्या गाण्याची तुलना करतो व गप्प बसतो. शाळेंत मुद्रित प्रार्थना लावणें म्हणजे या गप्प बसण्यास आम्हींच परवानगी देणें होय.

कोणी म्हणेल, सिंफनी हें परक्यांचें वैभव. त्याचा आम्हां मराठी माणसांशीं संबंध काय? संबंध आहे, आणि जवळचा आहे. मुंबईंत मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकानें १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचा पुत्र झुबिन १९३६ सालीं मुंबईंतच जन्मला, सेंट मेरीज शाळेंत व सेंट झेवियर कॉलेजांत शिकला, वैद्यकाच्या वाटेस लागला होता तो ती सोडून १९५४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, संगीत शिकण्यास व्हिएन्नास गेला. तेथें त्यानें काय केलें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मोठे संचालक तालीम कशी घेतात तें जवळून पाहावयास मिळावें म्हणून तो व त्याचा सहाध्यायी क्लॉडिओ अब्बाडो हे तेथील गायकसंघांत जाऊन गाऊं लागले, आणि वाल्टर, कारायान यांसारख्यांच्या हाताखालीं गायले. तबकड्या त्या काळींहि मिळत होत्या. पण तबकडी ऐकून त्यांचें समाधान झालें नाहीं. पुढें १९६५ सालीं त्याच शहराच्या वाद्यवृंदाकडून झुबिन मेहता यांनीं ब्रुकनरची नववी सिंफनी मुद्रित केली व १९७५ सालीं माह्लरची दुसरी. या दोन्ही ध्वनिमुद्रिकांची गणना चांगल्यांत होते. मुंबईच्या एका मुलानें व्हिएन्नाच्या लोकांस त्यांचेंच संगीत समजावून द्यावें, यांत परकेपणा कोठें राहिला?

गोव्याकडे पाहा. तेथील ख्रिस्तमंदिरांशीं जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. तीं गरीब घरचीं मुलें पुढें मुंबईंत आलीं. सिंफनींतहि वाजवूं लागलीं व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतहि. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांसारखे शिष्य घडविले, आणि १९५८ सालीं मुंबईंत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून रागदारी व वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. ज्या चित्रपटगीतांवर आमचे पालक लुब्ध असतात, त्यांतील व्हायोलिनांचे ते भरदार ताफे गांवच्या शाळेंतील स्वरलिपीच्या धड्यांतून आलेले आहेत. उलट पक्षीं, २००६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय कलाकेंद्रानें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद स्थापन केला तेव्हां पुष्कळ वादक कझाकस्तानासारख्या दूर देशांतून आणावे लागले. एवढ्या मोठ्या देशांत स्वर वाचून मेळानें वाजविणारीं मुलें पुरेशीं तयार झालीं नव्हतीं, हें त्याचें कारण. ऐकणारांचा तोटा नव्हता, करणारांचा होता.

आणि परकें संगीत शिकलें म्हणजे आपलें सुटतें, हीहि भीति व्यर्थ आहे. ड्वोर्झाक हा बोहेमियाचा मनुष्य १८९२ सालीं न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा मुख्य होऊन गेला. युरोपची नक्कल करूं नका, तुमच्याच भूमींतील निग्रो व आदिवासी लोकांच्या चालींतून आपलें संगीत घडवा, असा उपदेश त्यानें अमेरिकन लोकांस केला. त्याची ‘नव्या जगांतून’ ही सिंफनी १८९३ च्या डिसेंबरांत तेथें प्रथम वाजली. तिच्या दुसऱ्या भागांतील संथ चालीवर त्याच्या एका शिष्यानें १९२२ सालीं शब्द बसविले, तें गीत इतकें लोकप्रिय झालें कीं ती चाल मूळची निग्रो भजनाचीच, असें पुष्कळांस वाटूं लागलें. आमच्या मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं हेंच कार्य निराळ्या रीतीनें केलें. विलायती चालींवर बसविलेल्या गीतांच्या शेजारीं त्यांनीं अभंग व भजनें आणून ठेवलीं, आणि आज दोन्ही आमचीं आहेत. झाडीपट्टीच्या दंडारींतील चालींत, धानाच्या बांधीवर रोवणी करणाऱ्या बायांच्या गाण्यांत एखाद्या सिंफनीचें बीज नसेल असें कोण म्हणेल? परंतु तें बीज रुजविणारा हात शिकलेला पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, प्रार्थनेचें गीत मुलांनींच गावें. सूर चुकला तर शिक्षकानें तो सुधारावा; यंत्र त्या जागीं आणूं नये. नवीन चाल शिकतांना मुद्रित गीत एकदां ऐकवावें, मग बंद करावें. दुसरी, आठवड्यांतून एकदां वरच्या वर्गांस कोणत्याहि सिंफनीचा एकच भाग दोन निरनिराळ्या संचालकांच्या मुद्रणांतून ऐकवावा, व दोहोंत काय भेद वाटला तें प्रत्येकानें चार ओळींत लिहावें. पांचव्या सिंफनीचा पहिला भाग याला फार सोईचा. तो सुमारें सात आठ मिनिटांतच संपतो. ‘कोणता चांगला’ हें विचारूं नये. ‘कोठें निराळा’ हें विचारावें. असें केल्यानें मूल ऐकावयास शिकेल, आणि एकाच वचनाचे दोन प्रामाणिक अर्थ असूं शकतात हेंहि शिकेल. आजच्या काळीं या दुसऱ्या शिक्षणाची गरज पहिल्याहून कमी नाहीं. तिसरी, सातवीपर्यंत प्रत्येक मुलास स्वरलिपि वाचतां यावी. सारेगम ज्यास येतें त्यास डो रे मी शिकण्यास फार दिवस लागत नाहींत. चौथी, स्नेहसंमेलनांत मुद्रित गीतावर ओठ हलविण्याची रीत बंद व्हावी. तीन मुलें, एक पेटी, एक ढोलकी व एक बासरी एवढ्यानेंहि कार्यक्रम होतो.

पालक म्हणतील, यांत वेळ जातो, आणि परीक्षेच्या गुणांत त्याचें कांहीं पडत नाहीं. त्यांची चिंता आम्ही जाणतों. धानाचा भाव, शिकवणीची फी, नोकरीची टंचाई, हें सर्व आमच्याहि डोळ्यांपुढें आहे. मूल संचालक होईल असें आमिष आम्ही दाखवीत नाहीं. लाखांत एखादाच तसा होतो. आमचें मागणें साधें आहे. दिवसाचीं दहा मिनिटें शेजाऱ्याचा आवाज ऐकून त्यांत आपला आवाज मिळविणें, आपली ओळ आली म्हणजे न बिचकतां उचलणें व दुसऱ्याची आली म्हणजे मागें सरणें, ही संवय ज्यास लागली, तो शेतावर, कचेरींत, मंडळींत वा संसारांत कोठेंहि जावो, उपयोगी पडेल. चायकोव्स्कीच्या त्या चालीप्रमाणें जगांतील पुष्कळ चांगल्या गोष्टी कोणा एकाच्या कागदावर लिहिलेल्या नसतात. एकानें एक स्वर व दुसऱ्यानें पुढचा स्वर वेळेवर दिला तरच त्या ऐकूं येतात. तबकडी आपणांस त्या ऐकवील, पण आपल्या वांट्याचा स्वर ती देऊं शकणार नाहीं. तो आमच्या मुलांनींच दिला पाहिजे, आणि तो देण्याची संधि शाळेनें त्यांच्यापासून हिरावून घेऊं नये, एवढीच आमची पालकांस व सहशिक्षकांस नम्र विनंति आहे.